कानाचं तेवढं बघा

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर त्या संध्याकाळी गवळ्यानं मला 'पावणं' म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. आता कोल्हापुरात पावणं म्हणजे काही शिवी नव्हे. रस्ता विचारणारा पावणं, एस्टीत शेजारी बसलेला पावणं, भांडण काढायचं असलं तरी सुरुवात 'ओ पावणं'नंच. ज्याची ओळख नाही तो पावणा, एवढा साधा हिशेब. पण झालं असं, की माझ्या शेजारी एक गडी उभा होता. विशी-बाविशीचा असेल, मानेचा पत्ता नाही, अंगात घट्ट बनियन आणि दोन्ही कान नुकतेच मोडलेले, लालबुंद, टम्म. गवळ्यानं म्हशीची धार सरळ ग्लासात काढली, वर फेस आलेला मोठा ग्लास त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, 'घ्या पैलवान.' नाव विचारलं नाही, तालीम विचारली नाही. कान बघितले आणि पैलवान म्हटलं. मग माझ्याकडं वळला. 'पावणं, तुमास्नी ल्हान ग्लास का मोठा?' मी ल्हान म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. ह्याच कट्ट्यावर, ह्याच्या बापाच्या हातचं दूध मी तांब्यानं प्यायलोय. तो बाप मला लांबनं बघितलं की ओरडायचा, 'सरका रं, पैलवान आलं!' आणि त्याचं हे पोरगं तेव्हा म्हशीच्या पाठीवर बसलेलं असायचं. ग्लास हातात घेतला आणि दुसरा हात आपसूक डाव्या कानाकडं गेला. नेहमी जातो. हाताला कान कळतो, कानाला हात कळत नाही.

हा डावा कान म्हणजे आता कान राहिलेला नाही. वाळक्या अंजिरागत काहीतरी डोक्याच्या कडेला चिकटलंय, बस्स. उजवा तसा बरा आहे, चापूनचोपून बसवलेला, कारकुनाचा कान. शाहूपुरीत माझं मोटारपंपाचं दुकान आहे. गावाकडचे शेतकरी येतात, पंपाची चौकशी करता करता नजर कानावर जाते आणि मग पंप राहतो बाजूला. 'काय झालं ओ पावणं कानाला? भाजलं का?' मी कधी म्हणतो भाजलं, कधी म्हणतो मोटारसायकलीवरनं पडलो. एकदा एकानं अगदी मायेनं विचारलं, 'डुकरानं खाल्ला का काय?' त्याला मी व्हय म्हणालो. खरं सांगायचं तर ह्या कानावर मी स्वतः डॉक्टरकडून सुरी फिरवून घेतली, लग्नाआधी, धडधाकट असताना, आणि का, तर नवरीला आवडावा म्हणून. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कट्ट्यावरनं घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. राजारामपुरीत एक नवा प्लास्टिक सर्जन आलाय, त्याच्याकडं जायचं आणि हा कान पुन्हा करून घ्यायचा. घरी संयोगिता पोरांचा अभ्यास घेत होती. मी चपला काढता काढता म्हणालो, 'मी कानाचं ऑपरेशन करून घेणार हाय.' तिनं वर बघितलं. 'परत?' असं एवढंच म्हणाली. मग पोरांची वही मिटत, 'बरं. मी पण येते बरोबर.' त्या 'परत'चा मला राग आला. मनात म्हटलं, पहिल्यांदा तुझ्यासाठीच केलं होतं की, बाई.

कान मोडला तो दिवस मला अजून आठवतो. मोडला म्हणजे काय, ज्यानं माती बघितली नाही त्याला कळायचं नाही. रोज समोरच्याच्या डोक्यावर, खांद्यावर, गुडघ्यावर कान घासला जातो, चेंगरतो, आतल्या आत रक्त साकळतं आणि मग ते तसंच घट्ट होऊन कानाचा गोळा होतो. दुखतं किती! रात्री उशीसुद्धा कानाला नको वाटते. मी सोळा वर्षांचा होतो. गडमुडशिंगीहून येऊन तालमीतच राहायचो. जोर काढायचे, माती उकरायची, वस्तादांचं अंग रगडायचं आणि शिव्या खायच्या. आकाराम वस्ताद म्हणजे उंच, वाळका, दम्यानं बेजार माणूस. पण नजर अशी, की आखाड्यात पोरगं कुठं कच्चं आहे ते दारातनं ओळखायचे. त्यांचा एक रिवाज होता. नवीन पोराला ते नुसत्या नावानं हाक मारायचे. ए जोत्या, ए किसन्या. पोरगं कितीही कुस्त्या मारू दे, नावानंच. ज्या दिवशी कान मोडेल त्या दिवसापासून मात्र पैलवान. मी पहाटे उठलो तर डावा कान भज्यासारखा फुगलेला, ठणका मस्तकात जातोय, डोळ्यांत पाणी. वस्ताद दारात मिश्री लावत बसलेले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, कान बघितला, चूळ भरली आणि आत ओरडले, 'आरं, पैलवानास्नी थंडाई द्या रं कुणीतरी!' मला आधी कळलंच नाही, कुणाबद्दल बोलताहेत. मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तेवढा आनंद मला पुढं कुठल्या फडात झाला नाही, फेटा बांधला तेव्हाही नाही आणि पोरगं झालं तेव्हाही नाही, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

आणि तेच कान मी घालवले. चौऱ्याण्णव साली मुरगूडला पोरगी बघायला गेलो. बरोबर पिराजीतात्या, म्हणजे आमच्या भावकीतले, गावातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली. पोरगी बीए झालेली, वडील शाळामास्तर. घर नीटनेटकं, भिंतीवर घड्याळ, दाराच्या पडद्याआड तिची थोरली बहीण उभी, तिला सगळे आक्का म्हणत होते. पोह्यांचा ट्रे घेऊन संयोगिता आली. मी मान खाली घालून बसलो होतो. पैलवान असलो म्हणून काय झालं, अशा वेळी सगळ्यांची मान खालीच. पण वर बघितलं तेव्हा ती माझ्याकडं बघत होती आणि तोंडाकडं नव्हे, कानाकडं. आधी उजव्या, मग डाव्या. चांगलं निरखून. माझी कानशिलं तापली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की हे असले गोळे घेऊन आपण शिकल्यासवरल्या माणसांच्या घरात बसलोय. पोहे अर्धे तसेच ठेवले. माझं आवरल्यावर मी बाहेर गाडीपाशी येऊन थांबलो, तात्या मागं राहिले, मास्तरांशी आणि पोरीशी बोलायला. निघताना काही बोलले नाहीत. निढोरीला चहा झाला, कागलला चहा झाला, प्रत्येक ठिकाणी ओळखीचं कोणीतरी भेटलं, गप्पा झाल्या. घरी आल्यावर आईसमोर मांडी घालून तात्यांनी सांगितलं, 'पोरीला समदं पसंत हाय. शेती नको, माडी नको म्हणत्या. फकस्त कानाचं तेवढं बघा म्हणत्या.' आई म्हणाली, 'कानाचं म्हंजे?' तात्या म्हणाले, 'कानाचं म्हंजे कानाचं. कान.' आणि माझ्या कानाकडं हात केला. झालं. मी तिचं बघणं डोळ्यांनी बघितलं होतं. आता आणखी काय विचारायचं?

तात्यांना तेव्हाही जरा कमी ऐकू यायचं. हे सगळ्या भावकीला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण तात्यांना ते आवडायचं नाही. समोरच्याच्या तोंडाकडं बघून मान डोलवायचे, व्हय व्हय करायचे आणि मधला जो शब्द निसटेल तो आपल्या पदरचा घालायचे. हे मलाही माहीत होतं. पण माणसाच्या मनात आधीच एक काटा सलत असला की तिथंच बोट ठेवणारा खराच वाटतो. मी मुरगूडला दुसऱ्यांदा जाऊ शकलो असतो. मास्तरांना दोन ओळींचं पत्र टाकू शकलो असतो. ते मला सुचलंच नाही, असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. सुचलं होतं. पण पैलवानानं होणाऱ्या बायकोला जाऊन काय विचारायचं, माझे कान आवडले नाहीत का? त्यापेक्षा कान कापून घेणं सोपं वाटलं. बाहेरगावी एका डॉक्टरानं केलं, तासून, शिवून, गोळे कमी करून. निघताना बजावलं, महिनाभर पट्टी काढायची नाही, पाणी लावायचं नाही, आणि माती तर आता विसराच. लग्न महिन्याच्या आतच होतं. हळदीच्या दिवशी मीच पट्टी काढली. तिला दाखवायचं होतं ना, बघ, केलं तुझ्यासाठी! आणि आमची धोंडुबाई आत्या, तिच्या दोन्ही हातांत हळद, तिनं अंगाला लावली, तोंडाला लावली आणि टाके बघून म्हणाली, 'आगं बया, जखम हाय व्हय? मग तर लावायलाच पायजे, हळद लावली की लगेच भरत्या,' आणि डाव्या कानावर घसघशीत लिंपून टाकली. तिचा काय दोष? आमच्यात जखमेला हळदच लावतात. पूजेपर्यंत कानातनं पू यायला लागला आणि मग तो आतनं विरघळत विरघळत असा झाला.

लग्नानंतर पेढे घेऊन तालमीत गेलो. वस्ताद आखाड्यात होते, फावड्यानं माती वरखाली करत होते, त्यात ताक ओतलेलं. चप्पल बाहेर काढून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. त्यांनी मान वर केली. आधी उजवा कान बघितला, मग डावा. फावडं भिंतीला लावलं, हात झटकले आणि म्हणाले, 'या पावणं. बसा.' आणि एका पोराला सांगितलं, 'पावण्यास्नी खुर्ची दे.' तालमीत एकच खुर्ची होती, लोखंडी, बाहेरनं कुणी पुढारी-बिढारी आला तर त्याच्यासाठी. मी तिच्यावर बसलो, करणार काय? पेढा त्यांनी घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. माझ्या आईची चौकशी केली, दुकान कधी काढणार विचारलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. एखाद्या मुक्कामाच्या पावण्याशी बोलावं तसं नीट, आदरानं बोलले. दोन वर्षांनी ते गेले. मातीला गेलो होतो, तेव्हा पुढं सगळे मोडक्या कानांचे गडी उभे होते. मी मागं, गावातल्या लोकांत उभा राहिलो.

आणि ह्या सगळ्याचा राग मी काढला कुणावर? संयोगितावर. उघड कधीच नाही. मी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही, दारू नाही, काही नाही. लोक म्हणतात जोतीरामसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. पण आतनं माझा हिशेब चालूच असायचा. एका थंडीत तिनं मला मफलर आणला, मी मनात म्हटलं, आता झाकून ठेवायला पायजे का? तो मफलर मी एकदाही घातला नाही. पोरांच्या कानांत कोमट तेल घालताना ती एकदा म्हणाली, 'या, तुमच्याही घालते,' मी असा खेकसलो की पोरं दचकली. कानाला मी तिला कधी हात लावू दिला नाही. फोटो काढताना उजवी बाजू पुढं. झोपताना डाव्या कुशीवर, म्हणजे वाळका कान उशीत बुडतो आणि दिसत नाही. आणि संयोगिता झोपते माझ्या उजवीकडं, भिंतीला लागून. म्हणजे लग्न झाल्यापासून रोज मी तिच्याकडं पाठ करून झोपलो. हे मी आत्ता असं सरळ लिहितोय, पण तेव्हा मला ते पाठ करणं वाटतच नव्हतं. वाटायचं, मी तिच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून कान लपवतोय. एक-दोनदा ती अंधारात म्हणाली, 'इकडं तोंड करा की.' मी झोपेचं सोंग घेतलं. मनात म्हटलं, तोंड करून काय बघायचंय तुला?

राजारामपुरीतला डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड, हात थंडगार. त्यानं कान चाचपला, मागून बघितला, बॅटरी मारली. 'ऐकायला काही त्रास?' 'नाही.' 'चक्कर, आवाज?' 'काही नाही.' 'म्हणजे तसा दोष काही नाही, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे.' त्याचं ते 'फक्त' मला लागलं. मग त्यानं समजावलं, की आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, पार गेलंय, ते आता बरगडीतनं काढायचं, कोरून कानाच्या आकाराचं करायचं आणि कातडीखाली बसवायचं. दोन ऑपरेशनं, मध्ये काही महिने. 'शंभर टक्के पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही. पण लोक वळून बघणार नाहीत.' मग फाईल लिहिता लिहिता सहज म्हणाला, 'एक विचारू? मी इथलाच आहे. आमच्याकडे तर मोडके कान मिरवतात. तो कान सरळ करायला माझ्याकडे आजवर एक पैलवान आला नाही. तुम्ही पहिलं ऑपरेशन केलंत कशासाठी?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हसत हसत, जसं काही गंमतच सांगतोय, 'ह्या बाईसाहेबांची अट होती. लग्नाच्या आधी निरोपच आला, कानाचं तेवढं बघा म्हणून.' डॉक्टर हसला आणि संयोगिताकडं बघायला लागला. ती हसली नाही. तिनं पर्स मांडीवरनं उचलून बाजूला ठेवली. 'कोण म्हणालं?' मी म्हणालो, 'कोण म्हणजे? तूच.' 'मी?' ती म्हणाली. 'मी असं म्हटलं?' डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि उगाच बेल दाबून पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. मग मला म्हणाला, 'घरी जुना फोटो असेल तर आणा, त्यावरनं माप घेता येईल.' मी विचारलं, 'कुठला आणू? मोडायच्या आधीचा का मोडलेल्या कानाचा?' त्याला तो विनोद वाटला. 'मोडलेला कान मला करता येणार नाही हो,' तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात फोन करून तारीख घ्यायचं ठरलं.

स्कूटरवर ती मागं बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली. टाऊन हॉलजवळ आलो तसं म्हणाली, 'थांबवा.' आम्ही बागेत जाऊन एका बाकावर बसलो. संध्याकाळची पोरं खेळत होती, भेळवाला होता. ती समोर बघत बोलायला लागली. 'तात्या बशीतनं चहा पीत होते. बाबांनी मला विचारलं, पोरी, तुझं काय म्हणणं? मी म्हटलं, शेती नको, माडी नको, नोकरी नसली तरी चालेल. फक्त मुलगा हलक्या कानाचा नको.' हलक्या कानाचा. म्हणजे कुणी काही सांगितलं की खरं मानणारा, स्वतः शहानिशा न करणारा. हा शब्द मराठी घराघरात आहे, माझी आई दिवसातनं दोनदा वापरायची. तो मुरगुडातनं निघाला आणि कुठं निढोरी-कागलच्या चहात त्यातलं हलकं गळून पडलं, नुसता कान गडमुडशिंगीला पोचला. 'आक्काचं तुम्हाला ठाऊक नाही का?' ती म्हणाली. ठाऊक होतं, अर्धवट. आक्काला राधानगरीकडं दिली होती. नणंद म्हणाली, वहिनी तांदूळ चोरून माहेरी धाडती. नवऱ्यानं एका शब्दानं आक्काला विचारलं नाही, वळकटीसकट आणून दारात सोडलं. त्या दिवशी पडद्यामागं उभी होती ती तशी परत आलेली आक्का होती. 'ती पडद्यामागं उभी होती, तिच्याकडं बघूनच मी बोलले ते,' संयोगिता म्हणाली.

मी म्हणालो, 'पण तू बघत होतीस की माझ्या कानाकडं. चांगली टक लावून. मी बघितलं.' 'बघणारच की!' ती एकदम वळली. चिडली की तिचं मास्तरांच्या घरातलं बोलणं सुटतं आणि ती आमच्याकडच्या बायकांसारखी मी आलो, मी गेलो करायला लागते. 'बघितलो! बघून मनात म्हटलो, ह्या कानात कुणी काय फुंकायचं म्हटलं तरी फुंकायला जागाच न्हाई. हसायला आलं मला, म्हणून आत गेलो. आत जाऊन आक्काला सांगितलो, हाच करायचा.' भेळवाल्याकडचं एक कुत्रं आमच्या पायाशी येऊन बसलं. तिनं पाय जरा बाजूला घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, 'आणि अंतरपाट खाली झाला, बघते तर ते कान नाहीतच. सुजलेलं, हळदीनं बरबटलेलं काहीतरी. मला वाटलं, ह्या माणसाला आपल्या पैलवानकीची लाज वाटायला लागली. शिकलेली बायको येणार म्हणून. मग म्हटलं, ज्याची त्याला लाज वाटते ते आपण कशाला काढायचं?' ती पुढं म्हणाली, 'रोज भिंतीकडं मी आणि तिकडं तोंड करून तुम्ही. मला वाटायचं, मीच आवडत नाही तुम्हाला. दोन पोरं झाली तरी वाटायचं.' आणि मग तो आवाज, जो मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता, 'इतकी वर्षं तुम्ही मला तसली बाई समजत होता व्हय हो? एकदा विचारायचं होतं की! एकदा!'

घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, वाढलं, पोरांशी बोलली. माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता मला कळायला लागलं की वाळक्या कानाचं दुःख मी उगाच एवढं मोठं करून बसलो होतो. कान काय, बरगडीतनं काढून बसवता येतो. पण तो थंडीतला मफलर, ती तेलाची वाटी, ते अंधारातलं 'इकडं तोंड करा की', हे कुठल्या बरगडीतनं काढून बसवायचं? तिनं लग्नाला एकच अट घातली होती आणि त्याच अटीत मी नापास झालो होतो, तेही हळद लागायच्या आधी. आक्काच्या नवऱ्यानं निदान उघडउघड घालवलं. मी घरात ठेवून घेतलं आणि आतल्या आत माहेरी सोडलं. त्या माणसाला मी सासरवाडीत सगळ्यांबरोबर नावं ठेवली होती, तावातावानं. तेव्हा संयोगिता माझ्याकडं कौतुकानं बघत होती, हे आठवलं आणि मी ताटावरनं उठलो.

रविवारी गडमुडशिंगीला गेलो. कशाला गेलो, कुणास ठाऊक. भांडायला म्हणावं तर पिराजीतात्या आता नव्वदीला टेकलेले, अंगणात बाजल्यावर उन्हाला बसलेले, ठार बहिरे. सुनेनं सांगितलं, 'मोठ्यानं बोला, तरीबी ऐकू यायचं न्हाई.' मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडलो, 'तात्या, मुरगूडची पोरगी काय म्हणालती?' ते म्हणाले, 'जेवलो की. आत्ताच जेवलो.' मी परत ओरडलो, 'मुरगूड! मास्तराची पोरगी! काय निरोप दिलता?' त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून मान डोलवली, अगदी तशीच, जुनी. 'व्हय व्हय. चांगलं स्थळ हाय. करून टाक.' शेजारच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, हा पंपवाला म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडतोय काय. तात्यांनी डोळे बारीक करून मला न्याहाळलं, हात पुढं केला आणि माझ्या डाव्या कानाला लावला. लावला ते दिसलं, कळलं काहीच नाही. 'आरं जोतीराम न्हवं तू?' ते म्हणाले. 'पैलवान, कान कुठं गेलं रं तुझं?' किती वर्षांनी मला कुणी पैलवान म्हटलं आणि ते ह्या माणसानं. मला रडू फुटलं. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि सुनेला म्हणाला, 'पावण्याला च्या टाक गं.'

परत आलो तेव्हा संयोगिता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. पोरं बाहेर खेळायला गेली होती. परातीवर तिच्या हातांचा थप थप आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो. उद्या डॉक्टरला फोन करायचा होता, हो किंवा नाही सांगायचं होतं. मी रस्ताभर ठरवून आलो होतो, की आता स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. तिला विचारायचं. ती म्हणेल करा, तर करायचं. म्हणेल राहू द्या, तर हा अंजीर मरेपर्यंत मिरवायचा. नेहमीसारखी उजवी बाजू पुढं न करता, डावा कान तसाच पुढं ठेवून मी म्हणालो, 'संयोगिता, एक विचारू? तुला काय वाटतं? करू का ऑपरेशन?' लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तिला ह्या कानाबद्दल काही विचारत होतो. भाकरी थांबली. तिनं मान वर करून बघितलं, सावकाश, त्या दिवशी पोहे घेऊन आली तेव्हा बघितलं होतं तसं, आधी उजवा, मग डावा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की चुलीचा धूर, मला सांगता येणार नाही. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, 'मला कशाला विचारताय? पिराजीतात्यांना विचारा की. आणि ह्या बारीला तरी नीट ऐकून या.'